खांबाजवळ उजवीकडे

चादर खाली आली तेव्हा योसेफ व्होन्द्रा हसला नाही.

व्लास्ताने हा क्षण तीन आठवडे मनात घोळवला होता. आज सेंट योसेफचा दिवस, म्हणजे वडिलांचा नामदिवस. त्यातून नेब्रास्का राज्याला याच महिन्यात शंभर वर्षं झालेली, गावोगावी मिरवणुका निघालेल्या, आणि ती शाळेत इतिहास शिकवणारी. दोघा भावांना तिनेच तयार केलं होतं. काल शनिवारी बाबा आईला घेऊन चर्चमध्ये पापनिवेदनाला गेले. तेवढ्या दोन तासांत एमिल आणि लुमिर यांनी ट्रॅक्टरला साखळी लावून कोपऱ्यावरचा खांब उपटला, घरी आणला आणि अंगणात लायलॅकच्या झुडपाशेजारी पुरला. लिंकन हमरस्त्याचा काँक्रीटचा खांब, छातीएवढा उंच, मधोमध लिंकनच्या चेहऱ्याचा पितळी बिल्ला आणि निळा बाण. लुमिरने बिल्ला राखेने घासून लख्ख केला होता.

"हा इथे कसा?" योसेफने विचारलं.

"आम्ही आणला, बाबा. तुमच्यासाठी," व्लास्ता म्हणाली. "तिथे धूळ खात पडला होता. एखाद्याने ट्रकखाली घेतला असता."

"आणि तिथे आता काय आहे?"

"तिथे? खड्डा आहे," लुमिर म्हणाला. "उद्या बुजवतो ना."

योसेफने खांबाला हातही लावला नाही. तो पश्चिमेकडे बघत राहिला. बघण्यासारखं तिकडे काही नव्हतंच. सकाळी चर्चमधून निघतानाच प्लॅट नदीवरून धुकं वर सरकायला लागलं होतं, आणि आता अंगणापलीकडचं कोठारही दिसेनासं झालं होतं.

"लोयझाचा फोन किती वाजता आला होता?"

"अकराला, ग्रँड आयलंडहून," दारात उभी असलेली त्याची बायको अल्बिना म्हणाली. "दोन तासांत पोचतो म्हणाला."

"आणि आता?"

"दीड वाजलाय."

नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं. व्लास्ताला ते बघणं अजिबात आवडलं नाही. आपण नवी कोरी वस्तू भेट द्यावी आणि घेणाऱ्याने ती चोरीची म्हणून ओळखावी, तसं काहीतरी तिला वाटलं, पण का ते कळेना.

"चला, बदक गार होतंय," अल्बिना म्हणाली.

व्होन्द्रांच्या घरात वाईट गोष्टी जेवणाच्या टेबलावर फुटतात, ही जुनी खोड आहे. एरवी कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. त्या दिवशी टेबलावर भाजलेलं बदक होतं, क्नेडलिकी म्हणजे चेक पद्धतीचे उकडलेले पिठाचे गोळे होते, आंबवलेली कोबी होती, खसखस भरलेले गोड पाव, कोलाच, होते, आणि एक खुर्ची रिकामी होती. ती योसेफच्या थोरल्या भावासाठी, अलोइससाठी, म्हणजे घरच्यांच्या लोयझासाठी ठेवलेली. तो छत्तीस वर्षांपूर्वी घर सोडून पश्चिमेला गेला तो परत फिरकला नव्हता. नेवाडातल्या इलीमध्ये खाणावळ काढून राहिला होता, आणि गंमत म्हणजे तीही याच लिंकन हमरस्त्यावर. एकाच रस्त्यावर अकराशे मैलांच्या अंतराने दोघे भाऊ बसले होते, आणि दोघांत कागदाचा कपटाही गेला नव्हता. शेवटी जानेवारीत छातीत दुखून योसेफ दवाखान्यात पडला, आणि घरी आल्याआल्या त्याने भावाला पत्र घातलं.

"ऐंशी वर्षांचा म्हातारा अकराशे मैल गाडी हाकत येतो, तो काय बदक खायला?" एमिलने मान खाली घालूनच सुरुवात केली. शेत तोच कसत होता, त्यामुळे पाहुणा म्हटला की त्याला आधी बांध दिसायचा. "आजोबांच्या जमिनीची आठवण झाली असणार. बघा तुम्ही."

"नामदिवसाला तरी तोंड गोड ठेव," व्लास्ता म्हणाली.

"गोडच आहे. खसखस खातोय."

लुमिर हसला. व्लास्ताने आपली वही उघडली. शताब्दीसाठी तिने लिहिलेला रस्त्याचा इतिहास ती वाचणार होती. वातावरण सावरायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

"'सन एकोणीसशे तेरा,'" ती वाचू लागली. "'न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकातून निघून सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्राला भिडणारा, तीन हजारांहून जास्त मैलांचा एकच रस्ता करायचा, असं काही धाडसी माणसांनी ठरवलं. तेव्हा नेब्रास्कात तो नुसता चिखल होता. शेताच्या बांधाबांधाने, काटकोनात वळत, पायऱ्या उतरल्यासारखा तो जाई. वळण चुकलं की माणूस मक्यात. म्हणून अठ्ठावीस साली, सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला, देशभर स्काउटच्या पोरांनी सुमारे तीन हजार खांब रोवले. त्यातला एक आमच्या कोपऱ्यावर. बाबा नेहमी म्हणतात, आपण रस्त्याकडे गेलो नाही, रस्ता आपल्याकडे आला.'"

हे वाक्य या घरात आशीर्वादासारखं म्हटलं जायचं. बारशाला, लग्नाला, मयतालाही. व्लास्ताने वर बघितलं. बाबा म्हणतील, पुढचं ते म्हणतील, अशी तिची अपेक्षा होती.

योसेफ घड्याळाकडे बघत होता.

"मी लोयझाला लिहिलंय, जुन्याच रस्त्याने ये," तो म्हणाला. "खांबाजवळ उजवीकडे वळ, असं लिहिलंय."

"मग वळेल ना," एमिल म्हणाला. "चार पावलांवर कोपरा. लहानपण गेलंय त्याचं इथे."

"खांब नाहीये तिथे."

"खांब नसला तरी चाकोऱ्या आहेत. सगळ्या गाड्या तिथे वळतात. सरळ कोण जातंय? सरळ ओढ्याचा पूल, आणि पूल तर गुरुवारी वाहून गेला."

हे खरं होतं. गुरुवारी टर्टल ओढ्यातला बर्फ फुटला, खोलीएवढे तुकडे एकमेकांवर चढले आणि जुना लोखंडी पूल घेऊन गेले. सरकारी तीस नंबरचा रस्ता कधीच तीन मैल दक्षिणेला, रेल्वेच्या कडेला गेला होता, नवा मोठा महामार्ग तर आता नदीपलीकडे होत होता. त्यामुळे जुन्या पुलासाठी कुणी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

"आणि पाटी आहेच की कोपऱ्यावर," व्लास्ता म्हणाली. "'पूल नाही, रस्ता बंद.' लुमिरने शुक्रवारी लावली. हो ना रे?"

लुमिरचा काटा हातातच राहिला.

लुमिर काउंटीच्या कच्च्या रस्त्यांवर ग्रेडर, रस्ता सपाट करायचं यंत्र, चालवायचा. पाटी त्यानेच लावली होती. वेगळा खांब कुठे रोवायचा म्हणून त्याने ती लिंकनच्या खांबालाच साखळीने बांधली होती. काल खांब उपटताना ती सोडवली आणि ट्रकमध्ये टाकली. परत जाऊन लावू, असं म्हणाला होता. मग बिल्ला घासण्यात संध्याकाळ गेली. पाटी या क्षणी दाराबाहेर ट्रकमध्ये उताणी पडली होती.

"लुमिर?" अल्बिना म्हणाली.

"ट्रकमध्ये आहे."

"काय ट्रकमध्ये आहे?"

"पाटी."

"पुलाच्या तोंडाशी तरी काही घातलंयस का?" एमिलचा आवाज बदलला. "पिंप, ओंडका?"

"कोपऱ्यावरच रस्ता बंद केला, मग पुढे कशाला घालू? त्या रस्त्याने जातं कोण आपल्याशिवाय!"

"काखेत कळसा घेऊन बसलात दोघं," एमिल व्लास्ताला म्हणाला. "इतिहास जपायला निघाले."

"साखळी तू ओढत होतास, मी नाही!"

"बरं, भांडू नका," लुमिर म्हणाला. तो स्वतःचीच समजूत घालत होता. "काका कोपऱ्यावर वळेल. वळेलच. नाहीतर धुक्यात कुठेतरी थांबला असेल. सरळ पुलाकडे जायला त्याचं आहे काय तिकडे?"

योसेफ उभा राहिला. हातातला रुमाल त्याने ताटाशेजारी ठेवला, नीट घडी घालून.

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. योसेफच्या मनात ते अडतीस वर्षं होतं. काल चर्चच्या जाळीमागच्या पाद्रीला त्याने खाण्यापिण्याची आणि रागाची पापं सांगितली होती, हे सोडून. प्रत्येक वेळी हेच सोडून. तिन्ही मुलांचे चेहरे त्याच्याकडे वळले होते. हे एकदा तोंडातून गेलं की या टेबलावर परत पूर्वीसारखं बसता येणार नाही, हे त्याला कळत होतं. आणि नाही सांगितलं तर ही पोरं अजून पंधरा मिनिटं वाद घालत बसतील, हेही कळत होतं.

"खांब तिथला नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"स्काउटच्या पोरांनी तो पुलापलीकडे रोवला होता. आधी पूल ओलांडायचा, मग उजवीकडे. खरा रस्ता तसा होता, लोयझाच्या इथल्या जुन्या खाणावळीवरून. ती पुलाच्या अलीकडे होती, ओढ्याच्या काठाला. सगळ्या गाड्या त्याच्याकडे थांबायच्या. आपल्या दारात तेव्हा पेट्रोलचा पंप होता, त्याच्याकडे कुत्रं यायचं नाही." त्याने घसा साफ केला. "खांब रोवला त्याच्या आठव्या दिवशी मी खेचरं जुंपली आणि तो उपटला. एक मैल मागे आपल्या कोपऱ्यावर आणून पुरला. बाण उजवीकडे. परगावची माणसं, खांब बघून चालणारी. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गाड्या पुलाआधीच वळायला लागल्या. आपल्या दारावरून. तीन वर्षांत लोयझाची खाणावळ बसली."

बदकाची चरबी ताटात थिजत होती.

"काकाने विचारलं नाही?" व्लास्ताने विचारलं.

"विचारलं. मी म्हटलं, वरून हुकूम आला."

"तुम्ही एकट्याने तो खांब..."

"कंदील मी धरला होता," अल्बिना म्हणाली. तिने कुणाकडे बघितलं नाही. "लुमिर पोटात होता."

एमिल खुर्चीवरून अर्धा उठला होता तो तसाच राहिला. काका जमीन मागायला येतोय म्हणून आठवडाभर तो जळत होता. आपली जमीन कशावर उभी राहिली, ते त्याला आत्ता कळत होतं.

"हे आता कशाला, बाबा?" तो म्हणाला. "आज, या घडीला?"

"कारण तुम्हाला कळत नाहीये!" योसेफ एवढ्या मोठ्याने ओरडला की खिडकीची काच थरथरली. "लोयझा कोपऱ्यावर येईल. त्याने खांब शोधला, तर तिथे खड्डा. तो काय समजेल? मी खांब हलवला हे तो ओळखून आहे, हुकुमाची थाप त्याला कधीच पटली नाही. मी त्याला पत्र घातलंय, ये म्हणून, खांबाजवळ वळ म्हणून. आणि खांब तिथे नाही. तो समजेल, त्याच्या पेपिकने, म्हणजे मी, खांब परत त्याच्या जागी नेला. मरायच्या आधी नेला. म्हणजे वळायचं कुठे? पूल ओलांडून! तो सरळ जाईल. खुशीत जाईल!"

सगळ्यात आधी एमिल हलला. त्याने खुंटीवरची किल्ली ओढली आणि जॅकेट न घालताच दाराबाहेर पडला.

ट्रक निघून गेल्यावर घरात दोघीच उरल्या. अल्बिनाने बदकावर झाकण ठेवलं, मग क्नेडलिकींवर ओलं फडकं. हात काही ना काही करत राहिले तर बरं असतं, हे ती आयुष्यभरात शिकली होती.

"मी हे मुलांना शिकवलं, आई," व्लास्ता म्हणाली. वही तिच्या हातात होती. "तीन वर्गांना. गुरुवारी गावच्या सभागृहात वाचलं. तू पहिल्या रांगेत बसली होतीस."

"होते."

"टाळ्या वाजवल्यास."

"सगळे वाजवत होते."

"तुला झोप कशी लागत होती गं?"

अल्बिना खुर्चीत बसली. अलोइससाठी ठेवलेली ती खुर्ची होती, हे तिच्या लक्षात आलं नाही. "आधी लागायची नाही," ती म्हणाली. "मग लागायला लागली. तेच वाईट झालं."

व्लास्ता उठली, बाहेर गेली आणि जमिनीवर पडलेली चादर उचलून तिने खांबावर टाकली. तिला तो बिल्ला बघवत नव्हता. आईवर चिडावं की तिच्या गळ्यात पडावं, तेही तिला कळत नव्हतं. धुक्यात कुठेतरी लांब ट्रकचा भोंगा वाजला, आणि मग तोही ऐकू येईना.

"काढ ती चादर," अल्बिना दारातून म्हणाली. "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

"तो ओढ्यात गेला असेल तर, आई?"

अल्बिनाने छातीवर क्रूस काढला. "तर मी पण गेले," ती म्हणाली. "काढ चादर."

एमिल ट्रक चालवत होता, लुमिर मध्ये, आणि योसेफ दाराकडेला खिडकीतून डोकं बाहेर काढून. काच खाली केली होती. दिव्यांचा उजेड धुक्यावर आपटून तोंडावर येत होता, म्हणून एमिलने ते विझवले. सकाळी प्रार्थनेच्या वेळी आपण मनात काय मागितलं होतं, ते त्याला आठवलं. काका येऊ नये, एवढंच मागितलं होतं. कसा न येवो, ते सांगितलं नव्हतं.

"कोपरा!" लुमिर म्हणाला.

ते उतरले. खांब उपटल्याचा खड्डा गुडघाभर खोल होता आणि त्यात पाणी साचलं होतं. खड्ड्याभोवती बुटांचे ठसे होते. एका बाजूने जाड तळव्याचे दोन पाय, आणि त्यांच्याशेजारी काठीची भोकं. माणूस खड्ड्याभोवती पूर्ण एक फेरी मारून गेला होता. एका ठिकाणी गुडघा टेकल्याची खूण होती.

चाकांच्या खुणा सरळ गेल्या होत्या.

योसेफने टोपी काढली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, आणि परत घातली. "चल," तो म्हणाला.

तो एक मैल त्यांना कितीतरी वेळ पुरला. एमिल माणसाच्या चालीने ट्रक नेत होता. पुढे काय आहे ते दिसत नव्हतं, आणि जोरात गेलं तर आपणही त्याच वाटेने जाऊ. योसेफ खिडकीतून "लोयझा! लोयझा!" ओरडत होता. धुकं त्याचा आवाज गिळत होतं. मग ओढ्याचा वास आला, गढूळ बर्फाचा, आणि त्याच्या पाठोपाठ आवाज. बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासत होते.

"थांब!"

समोर हिरवी गाडी उभी होती. नंबर नेवाडाचा. ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं. गाडीत कुणी नव्हतं. बाजूच्या सीटवर कोलाचचा डबा होता, वरून दोरीने नीट बांधलेला. लुमिर पुढे धावला आणि मोजत परत आला. गाडीच्या नाकापासून रस्ता संपतो तिथपर्यंत बारा पावलं.

"बाबा, तो पायी पुढे गेला असेल तर..." लुमिर म्हणाला.

योसेफने तोंडाभोवती हात धरले. "लोयझा!"

"ओरडतोस कशाला?" डाव्या बाजूने, अगदी जवळून आवाज आला. "मला दिसत कमी, ऐकू नीट येतं."

खाणावळीच्या भिंती कधीच गेल्या होत्या. उरल्या होत्या फक्त तीन दगडी पायऱ्या, वर काहीच नसलेल्या. सगळ्यात वरच्या पायरीवर काठी गुडघ्यांत धरून एक बुटका म्हातारा बसला होता. जाड चष्म्यावर धुकं जमलेलं. योसेफने ट्रकचा पत्रा धरला.

"पायऱ्या शाबूत आहेत की," अलोइस म्हणाला. "मी स्वतः घातल्या होत्या. म्हटलं, आधी दुकान बघू, मग पलीकडे जाऊन खांब बघू." त्याची हनुवटी हलत होती. "खड्डा बघितला मी, पेपिक. उतरून बघितला. आत हात घालून बघितला. ऐंशी वर्षांचा घोडा, तिथे चिखलात गुडघे टेकून रडलो. म्हटलं, नेला. शेवटी नेला त्याने."

एमिलने वडिलांच्या दंडाला धरलं. "असू दे, बाबा," तो कानाशी कुजबुजला. "हो म्हणा. काय बिघडतंय? उद्या मी नेऊन पुरतो पलीकडे. हो म्हणा."

हो म्हणणं सोपं होतं. अडतीस वर्षांपूर्वी 'वरून हुकूम आला' म्हणणंही असंच सोपं होतं.

"नाही, लोयझा," योसेफ म्हणाला. "मी नाही नेला. पोरांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी काल तो उपटून माझ्या अंगणात लावला. शोभेला. माझ्या नामदिवसाची भेट म्हणून."

अलोइस हलला नाही.

"आणि पुढे पूल नाही. गुरुवारी वाहून गेला."

बर्फाचा एक मोठा तुकडा खाली कुठेतरी कडकड करत फुटला. अलोइसने त्या दिशेला तोंड वळवलं आणि बराच वेळ ऐकत राहिला.

"म्हणजे मी इथे थांबलो नसतो तर..."

"हो."

"अडतीस वर्षांनी या दुकानाने एक गिऱ्हाईक थांबवलं म्हणायचं," अलोइस म्हणाला. कुणीच हसलं नाही, तोही नाही. "पोरांना कधीपासून माहीत आहे?"

"अर्ध्या तासापासून. जेवताना सांगितलं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"अल्बिना काय म्हणाली?"

"म्हणाली, कंदील मी धरला होता."

"ते ठाऊक आहे मला. मी बघत होतो."

योसेफला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"इथेच दारात उभा होतो," अलोइस म्हणाला. "पुलापलीकडे कंदील हलताना दिसला. मग खेचरं पुलावरून आली, माझ्या दारावरून गेली. तू मान खाली घालून चालत होतास. हाक मारायला तोंड उघडलं होतं मी. मग म्हटलं, नको. माझा भाऊ आहे, सकाळी येईल आणि सांगेल. पोटापाण्यासाठी केलं म्हणेल, आपण मिळून काहीतरी तोड काढू. दुसऱ्या दिवशी मीच आलो तर तू हुकुमाची गोष्ट सांगितलीस." त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "खांबाचं मला काही नव्हतं रे. खांब गेला तर गेला. मी त्या सकाळची वाट बघत होतो. तीन वर्षं बघितली. मग गेलो."

योसेफ रडत होता, आणि मुलांना ते पहिल्यांदाच दिसत होतं. लुमिरने नजर बुटांकडे वळवली. एमिल पुढे झाला, वर चढला आणि त्याने काकाला हात देऊन पायऱ्या उतरवून खाली आणलं. "जपून, काका," तो म्हणाला. "दगड निसरडे आहेत."

"गाडी मी चालवतो," लुमिर म्हणाला.

"माझी गाडी मीच चालवणार. इलीपासून आणलीय, शेवटचा मैल तुला कशाला देऊ? तुम्ही पुढे व्हा, मी मागून येतो. फक्त कोपरा मला दिसायचा नाही."

"मी उभा राहतो कोपऱ्यावर," योसेफ म्हणाला.

अलोइसने त्याच्याकडे बघितलं, पण हो म्हणाला नाही की नको म्हणाला नाही.

जाण्याआधी लुमिरने ट्रकमधली पाटी काढली आणि बारा पावलांतल्या पहिल्याच पावलावर दगडांचा आधार देऊन उभी केली. मग ट्रक कोपऱ्यावर येऊन थांबला. योसेफ उतरला आणि खड्ड्याच्या कडेला उभा राहिला. एमिल म्हणाला, बाबा, छातीचं बघा, थंडी आहे, पण त्याने हातानेच त्यांना पुढे पिटाळलं. ट्रक घराच्या दिशेला धुक्यात शिरला.

आता तो एकटा होता. हिरव्या गाडीचा आवाज येत होता, हळूहळू, अडखळत. येताना उजवीकडे वळायचं असतं, पण ओढ्याकडून परत येणाऱ्याला घर डावीकडे पडतं. योसेफने दोनदा मनाशी पडताळा घेतला. पुन्हा चूक करायची नव्हती. मग त्याने हात खांद्याच्या रेषेत घराच्या दिशेला ताठ धरला आणि तसाच उभा राहिला. हात भरून आला, तरी त्याने तो खाली घेतला नाही.

गाडी आली. वळायच्या ऐवजी त्याच्यापाशी येऊन थांबली. काच खाली झाली. अलोइस बराच वेळ त्या ताठ धरलेल्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने बाजूच्या सीटवरचा कोलाचचा डबा उचलून मागे ठेवला.

"खांबाला थंडी वाजत नाही, पेपिक," तो म्हणाला. "तुला वाजतेय. आत बस आणि तोंडाने सांग, कुठे वळायचं ते."